मामाजींना हवी होती काळी काच

गाडी घेतली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि वागत होते सोळा वर्षांच्या पोरीसारखी. सकाळी उठले की चहाच्या आधी अंगणात जाऊन गाडी पाहायची. आहे ना जागेवर? आहे. मग चहा. शाळेत मधल्या सुट्टीत मुलं डबे खायची आणि मी खिडकीतून गाडीकडे पाहत माझा डबा खायची. लाल, छोटीशी, चारही चाकं अलॉयची, चकचकीत. सौंसरच्या आमच्या गल्लीत माझ्याआधी एकाही बाईनं गाडी चालवली नव्हती, आणि आमच्या घरात तर पुरुषांनीही नाही. आमचे हे नोकरीपायी दूर बालाघाटला असतात, महिन्यातून एकदा येतात, आणि स्टेअरिंग पाहिलं की त्यांच्या तळहाताला घाम सुटतो. हे सांगताना मला अजिबात वाईट वाटत नाही.

घरात आम्ही तिघं. मी, सासू आणि सासरे. आमच्या भागात सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामाजी माझ्याशी थेट बोलत नाहीत. भांडण नाही, अबोला नाही. त्यांच्या वेळच्या रीतीत सासरा सुनेशी तोंडावर बोलत नाही, एवढंच. चोवीस वर्षं हे चाललंय. मी समोर चहाचं भांडं घेऊन उभी असते आणि ते आत्याबाईंना म्हणतात, "सूनबाईले विचार, चहा झाला काय." मी आत्याबाईंकडे पाहून म्हणते, "झाला." मधल्या मध्ये आत्याबाई वैतागतात. "तुमी दोघंबी आयकून राहिले ना एकमेकाचं? मंग मले कायले मधात घालता?" पण याच माणसानं, लग्नानंतर मी बी.एड. करते म्हटलं तेव्हा, नाकं मुरडणाऱ्या सगळ्या भावकीला एका बैठकीत गप्प केलं होतं. तेही माझ्याशी एक अक्षर न बोलता.

मामाजींचा संत्र्याचा बगिचा रामाकोन्याजवळ आहे. माझी शाळाही तिथलीच. त्यामुळे रोज दोनदा मी बगिच्याच्या अंगावरून जायची, आणि ज्यांचा बगिचा ते मात्र सहा महिन्यांपासून घरात बसून. उजवा गुडघा वाकत नव्हता. मोटरसायकलवर बसता येईना. एकदा ऑटोनं गेले तर दोन दिवस पाय सुजून राहिला. माझ्या गाडीत मागं बसायला ते तयार होते, आम्ही अंगणात करूनही पाहिलं, पण ताठ पाय दारातच अडकला. पुढच्या सीटवर, ती मागं सरकवली की, तोच पाय आरामात लांब होत होता. म्हणजे त्यांना बसायला जागा एकच होती, माझ्या शेजारची.

"सुनेच्या बाजूले बसून गावातून जाऊ?" ते आत्याबाईंना म्हणाले. "लोक काय म्हनतीन?"

पावसाळा सरला होता. अंबिया बहाराचं फळ पिवळं पडायला लागलं होतं आणि पंधरा-वीस दिवसांत फळांचा तोडा सुरू होणार होता. आयुष्यात एकदाही असं झालं नव्हतं की फळ झाडावर आहे आणि मामाजींनी पाहिलं नाही. रोज संध्याकाळी ते विचारायचे, "सूनबाईले विचार, बांधावरचं झाड कसं आहे." मी सांगायची, फांदी वाकली आहे, बांबूचा टेकू दिलाय. ते डोळे मिटून ऐकायचे. मला ते बघवत नव्हतं. तोड्याच्या आधी मला त्यांना बगिच्यात न्यायचंच होतं. आणि खरं सांगायचं तर ते माझ्या शेजारी बसलेले मला हवेच होते, माझ्या स्वतःसाठी.

आता माझ्या वेडाचा दुसरा अंक. गाडी आली आणि मला मोबाईलवर गाडीच्या लेपांचे व्हिडिओ दिसायला लागले. मी एक पाहिला, मग चाळीस पाहिले. चाकांना सिरॅमिकचा लेप. काचांना पाणी झटकणारा लेप. उन्हाची धग अडवणारी पारदर्शक फिल्म. एक माणूस काचेवर मगभर पाणी ओततो आणि ते अळूच्या पानावरून पळावं तसं पळतं! मी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की आत्याबाई म्हणाल्या, "या मान्साले दुसरं काम नाई काय?"

मी त्यांना धडाच दिला. शाळेतलं बाईपण अंगात मुरलेलं. चाकावर खालून चिखल उडतो, ब्रेकची काळी भुकटी बसते, आणि ते दोन्ही मिळून हळूहळू चाक खातात. म्हणून नुकसान व्हायच्या आधीच लेप द्यायचा.

बाजूच्या खोलीतून मामाजींचा आवाज आला. "खालून चिखल उडते अन् बुंधा सडते. याले मोबाईल कायले पाह्यजे?"

आम्ही दोघी हसलो आणि विसरून गेलो. मामाजी विसरले नाहीत.

रविवारी सकाळी नेहमीसारखी चहाच्या आधी अंगणात गेले. गाडी होती जागेवर. चाकं मात्र निळी होती. निळसर पांढरी, चारही, पार आतपर्यंत. शेवटच्या चाकापाशी मामाजी छोट्या स्टुलावर बसले होते. एक पाय लांब केलेला, हातात रंगाचा जुना ब्रश, बाजूला प्लास्टिकची बादली. हात कोपरापर्यंत निळे झालेले.

ज्यांच्या घरी संत्रा आहे त्यांना सांगायला नको. मोरचूद आणि चुना कालवून बोर्डोचा लेप करतात आणि पावसाळ्याच्या आधी एकदा, नंतर एकदा बुंध्याला गुडघ्याच्या वरपर्यंत लावतात. मातीतला रोग पावसाच्या थेंबांबरोबर उडून सालीला लागू नये, झाडाला डिंक्या होऊ नये म्हणून. मामाजींनी जन्मभर हेच केलं होतं. सहा महिने त्यांना लेप द्यायला एकही बुंधा मिळाला नव्हता आणि अंगणात मी चार आयते आणून उभे केले होते.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंड उघडणार तेवढ्यात मामाजींनी मागं उभ्या आत्याबाईंना समाधानानं सांगितलं, "सूनबाईले सांग, भेव नको ठेवू. विळा बुडवून पाह्यला. लाल नाई झाला. लोखंडाले काईच होत नाई."

बोर्डोत मोरचूद जास्त झालं की त्यात बुडवलेल्या लोखंडावर तांबूस थर चढतो. म्हणून आधी विळा बुडवून पाहायचा, लाल झाला तर आणखी चुना घालायचा. परीक्षा त्यांनी अगदी शास्त्रशुद्ध घेतली होती. फक्त माझी चाकं लोखंडाची नव्हती, अ‍ॅल्युमिनियमची होती.

मी घरात आले, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि पोट धरून हसले. आधी रागानं भांडं आपटलं, मग हसले, मग परत भांडं आपटलं. आत्याबाई आत आल्या, मला पाहून त्याही हसायला लागल्या, आणि आम्ही दोघी ओट्याला टेकून खाली बसलो. दोन दिवस लेप वाळू द्यायचा, असा निरोप मागाहून आला. मी निमूट वाळू दिला.

सोमवारी तशीच शाळेत गेले. सौंसरमध्ये लोक हसले. रामाकोन्यात एकही माणूस हसला नाही. शाळेच्या फाटकाशी एक म्हातारा शेतकरी वाकून चाकाकडे पाहत राहिला, बोटानं थोडा लेप खरवडला आणि गंभीरपणे मला म्हणाला, "चुना चांगला आहे, मॅडम. कोनी कालवला?" मी म्हटलं, आमच्या मामाजींनी. "तरीच," तो म्हणाला. मला एवढा अभिमान वाटला की त्या दिवशी मी सातवीला गृहपाठच दिला नाही.

बुधवारी लेप धुतला. आणि खाली, जिथं जिथं दगड लागून चाकांवर ओरखडे होते तिथं, मोहरीएवढे काळे डाग निघाले. अलॉय खाल्लं गेलं होतं. मामाजी खिडकीत उभे राहून पाहत होते. जेवताना त्यांनी भात मागितला नाही, तेवढ्यावरून त्यांना किती लागलंय ते मला कळलं.

पुढच्या रविवारी मी पांढुर्ण्याला गेले. तिथं गाड्यांच्या सजावटीचं एक दुकान आहे, लेप आणि फिल्म तिथंच चांगल्या बसवतात असं शाळेतल्या सरांनी सांगितलं होतं. दुकानदार माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर चढवलेला. तो चाकापाशी उकिडवा बसला, डागावर अंगठा फिरवला आणि फटीत उरलेली निळी रेघ त्याला दिसली.

"मॅडम," तो म्हणाला, "हे बोर्डो होय काय?"

मी मान हलवली. त्याच्या घरीही बगिचा होता. त्यानं चष्मा काढला, डोळे पुसले आणि पाच मिनिटं काही कामच केलं नाही. मग म्हणाला, "पालिश मारतो, पर जिथं खाल्लं तिथं खाल्लं. त्याच्यावर सिरॅमिक मारलं तं डाग आतमधी पक्के होतीन. नाईतं चाकं पुरे रंगवून आना, मंग मारू."

"आत राहू द्या," मी म्हटलं. विचारसुद्धा करावा लागला नाही.

आता काचा. त्यानं फिल्मचे तुकडे टेबलावर पसरले आणि मी प्रत्येक तुकडा डोळ्यासमोर धरून त्यातून पांढुर्ण्याचा रस्ता पाहिला. तेवढ्यात मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर आत्याबाईंचा अंगठा आणि त्याच्या मागं मामाजींचा एक कान.

"दुकानवाल्याले दे म्हन फोन," कान म्हणाला.

दुकानदारानं फोन घेतला. "हां, बोला बाबाजी."

"तिथं आमची सूनबाई उभी आहे काय?"

"आहे ना, बाजूलेच."

"तिले सांगा, काचा काळ्या पाह्यजे."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांगा त्यांना, काळ्या काचा चालत नाहीत."

"बाबाजी, काळी बंद आहे. पोलीस रस्त्यातच काढाले लावते."

"मंग अर्धी काळी?"

"अर्धीबी नाई जमत."

कान पडद्याच्या आणखी जवळ आला. मग एकदम हळू आवाजात, "एकाच काचेले लावता काय? पुढच्या. डाव्या हाताच्या."

"एकाच काचेले कायले, बाबाजी?"

"तिथं मी बसन."

माझ्या हातातला फिल्मचा तुकडा खाली पडला. मामाजी बसायला तयार होते! इतके दिवस ते कसं बसायचं याचाच विचार करत होते, आणि सुनेच्या शेजारी बसून कुणाला न दिसण्याची युक्ती त्यांनी शोधून काढली होती. मला दुकानातच उड्या माराव्याशा वाटल्या.

दुकानदार समंजस माणूस. त्यानं फोनवर हात ठेवला आणि मला म्हणाला, "मॅडम, एका काचेले लावून देतो. गावातल्या गावात कोन पाह्यते? म्हाताऱ्याचं मन राहीन."

मी हो म्हणणार होते. शपथेवर सांगते, 'हो' ओठांवर आला होता. एक काळी काच, आणि मामाजी बगिच्यात. पोलिसाला काय ते मी पाहून घेतलं असतं. मग डोळ्यासमोर चित्र आलं की मी गाडी चालवतेय आणि माझ्या शेजारी, अंधारात, मामाजी चोरून आणलेल्या मालासारखे दडून बसलेत. का? मी काय पाप केलं होतं? गाडी चालवायला शिकले होते. माझा राग असाच येतो, सांगून येत नाही. मी फोन ओढून घेतला आणि चोवीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. आत्याबाईंकडे न पाहता सरळ त्या कानाशी बोलले.

"मामाजी, लपवून नाई नेत मी तुमाले. काच साधीच राहीन. बसाचं तं सगळ्याइच्या समोर बसा. नाईतं राहू द्या."

पडद्यावर छताचा पंखा दिसला. "ठेवते वो," असा आत्याबाईंचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

"मॅडम," दुकानदार म्हणाला, "जरा जास्तच झालं."

"हो," मी म्हटलं. "बसवा साधी."

संध्याकाळपर्यंत सगळं झालं. पारदर्शक फिल्म, समोरच्या काचेला पाण्याचा लेप, चाकांना सिरॅमिक. परत येताना मोहगावजवळ राहवलं नाही. गाडी बाजूला घेतली, पिण्याच्या पाण्याची अख्खी बाटली काचेवर ओतली. पळालं! थेंबन् थेंब पळाला! मी रस्त्याच्या कडेला एकटीनंच टाळ्या वाजवल्या. सायकलवरून जाणारा एक माणूस थांबून पाहायला लागला, तेव्हा त्यालाही दाखवलं, त्यानंही स्वतःच्या बाटलीतलं थोडं पाणी टाकून पाहिलं. मग गाडीत बसले आणि मला आठवलं की घरी काय वाढून ठेवलंय.

घरी काहीच नव्हतं. तेच वाईट होतं. मामाजींनी बांधावरच्या झाडाचं विचारलं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. मी आपणहून आत्याबाईंना मोठ्यानं सांगायची, "टेकूचा बांबू बदलला बरं का," आणि बाजूच्या खोलीत रेडिओचा आवाज वाढायचा. आपण हे काय करून बसलो, असं मला झालं. एका काळ्या काचेचा तर प्रश्न होता. न्यायला काय झालं होतं? एकदा मोरीत जाऊन रडलेही. गुरुवारी बगिचा सांभाळणाऱ्या सालदाराचा निरोप आला, व्यापारी बगिचा पाहून गेला, सोमवारपासून तोडा.

रविवारी सकाळी मी काचा पुसत होते. मामाजी बाहेर आले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात काठी. ते सरळ गाडीच्या डाव्या दाराशी गेले आणि हँडल कसं ओढायचं ते न कळून तसेच उभे राहिले. मागून आत्याबाई पदर सावरत, एक चप्पल पायात आणि एक हातात, धावत आल्या.

"सूनबाईले सांग," मामाजी त्यांना म्हणाले, "दार उघडून दे."

मी दार उघडलं. सीट मागं सरकवली. त्यांनी आधी अंग आत टाकलं, मग ताठ पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, आणि काठी गुडघ्यांमध्ये धरून समोर पाहत बसले. आत्याबाई मागं. मी काचेच्या फडक्याला तळहात पुसले, आमच्या ह्यांची आठवण आली, आणि चावी फिरवली.

चौकातल्या चहाच्या टपरीवर मामाजींच्या सोबत्यांची सकाळची बैठक असते, हे मला माहीत होतं. आपण जिंकलो म्हणून त्यांना मिरवायचं नाही, असं मी रात्रीच ठरवलं असतं, जर ते येणार हे माहीत असतं तर. आता ऐनवेळी ठरवलं. गल्लीच्या टोकाशी मी गाडी मागच्या रस्त्याला वळवायला लागले. तिथं सकाळी म्हशींशिवाय कुणी नसतं.

"इकडून कायले घेऊन राहिली?" मामाजी म्हणाले. "चौकातून घे."

मागून आत्याबाई सवयीनं बोलल्या, "सूनबाई, ते म्हनते का चौकातून..." आणि मध्येच थांबल्या. मी आरशात पाहिलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं.

मी चौकातून घेतली. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू, आणि क्लच कुठं आहे याचा पत्ता नाही, अशा अवस्थेत जे व्हायचं तेच झालं. ऐन चौकात, टपरीच्या बरोबर समोर, गाडी आचका देऊन बंद पडली. मागं ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवायला लागला. टपरीवरचे सगळे म्हातारे कप हातात घेऊन उभे राहिले. काच इतकी स्वच्छ होती की त्यांना मामाजींच्या टोपीची घडीसुद्धा दिसत असेल. एक जण जवळ आला आणि वाकून आत पाहू लागला. मी बटण दाबून मामाजींकडची काच पूर्ण खाली केली.

"काय गा, कुठं चालले?"

"बगिच्यात," मामाजी म्हणाले. "सून नेऊन राहिली."

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मागच्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. "बंद पडली वाटते गाडी?"

"नाई," मामाजी म्हणाले. "तुमाले दाखवाले थांबवली."

मग ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "कर आता चालू. घाई नको करू."